दोन राज्यांचा तक्ता

आमच्या घरात मी हुशार आणि धाकटी हट्टी, अशी वाटणी लहानपणीच झाली होती. त्यामुळे तिला सिडनी आणि मेलबर्न दोन्हीकडे ॲडमिशन मिळाली, तेव्हा आईने ठाण्याहून फोन केला तो मला. मी मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात राहून स्टॅटिस्टिक्स शिकत होते. आपल्या मुलांना इथे मारहाण होते, अशा बातम्या तिकडे टीव्हीवर रोज चालायच्या.

"तू आकड्यांतली ना? मग नीट बघून सांग, पोरगी कुठे सुखरूप राहील," आई म्हणाली. "सिडनीत टूनगॅबीला मावशी आहे, मेलबर्नला तू आहेस."

मी तक्ता केला. एका रकान्यात मेलबर्नचं राज्य व्हिक्टोरिया, दुसऱ्यात सिडनीचं न्यू साउथ वेल्स. दर लाख माणसांमागे मारहाण किती, लूटमार किती. व्हिक्टोरियाचे आकडे कमी निघाले. खाली बारीक अक्षरांत टीप होती की दोन्ही राज्यांची नोंद करायची पद्धत वेगळी आहे, तेव्हा तुलना करू नये. ती टीप मी वाचली होती. पण दोन वर्षं एकटीपुरता कुकर लावून मी कंटाळले होते, मला माझी बहीण हवी होती. आईला मी ठणकावून सांगितलं, मेलबर्नच.

ती आली. चार महिने आम्ही पोटभर भांडलो, पोटभर हसलो. मग एका दुपारी ती कामावरून परतताना स्टेशनच्या कार पार्कमध्ये तिघांनी तिची बॅग ओढली. तिने सोडली नाही. हट्टीच ती! त्यांनी तिला डाव्या कानावर मारलं आणि खाली पाडून लाथा घातल्या.

"ताई, पोलिसांत जाऊ या," ती रडत म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं. आईला कळलं तर ती परत बोलावेल, व्हिसाचं काही झालं तर काय करायचं, असं बरंच बोलले. आपल्याकडे बस चुकली तरी जाऊ दे आणि मार खाल्ला तरी जाऊ दे. डॉक्टरलाही 'बाथरूममध्ये पडले' असंच मी तिला सांगायला लावलं. तिचा डावा कान गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी नवे आकडे आले. व्हिक्टोरियाचे पुन्हा कमीच होते. त्यात माझी बहीण नव्हती. तिच्यासारख्या आणखी किती नसतील, या विचाराने मला स्वतःची किळस आली.

परवा इथेच, मेलबर्नच्या पॉइंट कुकला तिच्या घरी गेले होते. तिच्या लेकीला आता सिडनीच्या युनिव्हर्सिटीत जायचंय. "काढ गं ताई तुझा तक्ता," ती हसत म्हणाली. तिने मला कधी दोष दिला नाही, याचंच जास्त लागतं. मी सोफ्यावर तिच्या डाव्या बाजूला बसले होते. इतक्या वर्षांत न म्हटलेलं कसंबसं म्हणाले, "माझं चुकलं गं."

"काय म्हणालीस?" तिने उजवा कान पुढे केला.

"काही नाही," मी म्हटलं. "जाऊ दे."