फार गडबड आहे

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरच्या शोभाताईंचं सामान टेम्पोत चढत होतं. मी धावत खाली गेले.

"भावाकडे चाललेय, सांगलीला," त्या म्हणाल्या. "इथे एकटीला नाही गं जमलं."

चार महिन्यांपूर्वी मी नोकरी सोडली. अडलेल्या माणसांशी बोलून त्यांना पुढची वाट शोधायला मदत करायची, कोच म्हणून स्वतःचं काम उभं करायचं, असं ठरवलं होतं. त्याच सुमारास, यजमान गेल्यानंतर, शोभाताई दारात आल्या होत्या. "काही सुचत नाही. जरा बोलायचं होतं."

"पुढच्या आठवड्यात बसू या? आत्ता फार गडबड आहे," मी म्हणाले. त्या दिवशी मी वेबसाइटसाठी निळ्याच्या दोन छटांतली एक निवडत होते.

"परत का नाही आलात?" मी आज विचारलं.

"तू कामात असायचीस. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?" आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

टेम्पो गेला. हात सतत हलत असले की आपण काम करतोय असंच वाटत राहतं. चार महिन्यांत माझा एकही दिवस रिकामा गेला नव्हता, आणि एकाही माणसाचं मी ऐकून घेतलं नव्हतं.