केदारच्या वाटेवर माझा भाऊ

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला आणि माझा थोरला भाऊ एकाएकी शहाणा झाला. तोवर तो अंजनगावकडचा साधा शेतकरी होता. अकोल्याला कापसाचं दुकान घातल्यावर त्याला औषधापासून शास्त्रापर्यंत सगळंच कळू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं केदारनाथाला जायचं काढलं. भक्तीबिक्ती काही नव्हती. शेजारचा अडत्या काशी करून आला होता, एवढंच. सोबत वहिनी आणि मी.

पहाडात आम्ही दोघं पायी चालायचो. हा कंडीत, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत बसायचा आणि हळू चालतो म्हणून त्यालाच शिव्या द्यायचा. गौरीकुंडाला आमच्या पंड्यानं सांगितलं, मधल्या चट्टीवर, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या जागी रात्र काढा, अंगाला वरच्या हवेची सवय होऊ द्या.

"हवेची काय सवय करा लागते?" भाऊ म्हणाला. "हवा सारी एकच. आजच वर पोचवा."

चट्टी मागं पडली तसं त्याचं बोलणं कमी झालं. डोकं ठणकू लागलं, मग ओकाऱ्या सुरू झाल्या. पंडा म्हणाला, इथल्या रानफुलांचं विष हवेतून चढतं, सुंठ चघळा. भावानं सुंठ फेकून दिली, अत्तराचा रुमाल नाकाशी धरला आणि आणखी ओकला. मलाही धाप लागत होती, दर चार पावलांवर थांबावं लागत होतं, पण डोकं ठिकाणावर होतं.

देऊळ समोर दिसू लागलं तेव्हा हा टोपलीतून उतरला. देवापुढे चालत जाणार होता. दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात तो बाजूच्या बर्फात बसला. ओठ निळे पडले होते.

"कापसाच्या गाठी भिजून राहिल्या," तो मला म्हणाला. "मुनीमले बोलाव."

वहिनीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "भाऊजी, यायले खाली न्या."

पंडा आडवा आला. दारातून परत फिरणं महापाप, आत निजवू, उतरेल म्हणाला. त्याला दक्षिणेची काळजी.

"देव कुठी जात नाही," वहिनी म्हणाली. "हे जातील."

ज्या हमालानं दिवसभर शिव्या खाल्ल्या होत्या त्यानंच त्याला पाठीवर बांधलं आणि जवळजवळ पळत खाली आणलं. चट्टीपाशी तो आम्हाला ओळखू लागला. गौरीकुंडाला येऊन निजला आणि सकाळी उठून त्यानं खिचडी मागितली. खाऊन झाल्यावर म्हणाला, "कावून आणलं मले खाली? मी बरा होतो."

त्याच्याशी कोण वाद घालणार? त्याला तिथंच ठेवून वहिनी आणि मी पुन्हा निघालो. बसत, पाणी पीत, चट्टीवर मुक्काम करत वर गेलो. डोकं दुखलं, झोप आली नाही, पण दर्शन झालं. वहिनी देवापुढे खूप वेळ बसून राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

अकोल्याला परतल्यावर यात्रा पार पडल्याचं मावंदं घातलं, गावजेवण दिलं. केदाराच्या पिंडीला हात लावताच अंगातून वीज कशी गेली, हे भाऊ पंगतीला सांगत होता आणि लोक माना डोलवत जिलब्या खात होते. एका म्हातारीनं वहिनीला विचारलं, "तुले काय दिसलं वं?"

"मले देव दिसला," वहिनी म्हणाली. "यायचं यायले विचारा."

भावानं ते ऐकलं. वाढप्याला हाक मारून त्यानं पंगतीत आणखी जिलबी फिरवायला लावली.