खोट्या मांडवातला धवला

गिरणी चालू असताना आत कोणी कोणाशी बोलत नसे, सगळं खुणांवर भागायचं. अपवाद आमच्या काकूचा. भाताचं पोतं टेकवून ती हाक मारायची आणि पट्ट्यांच्या धडधडीवरून ती रस्त्यापलीकडे आम्हाला ऐकू यायची. सारा खालापूर पट्टा तिला धवलारीण म्हणून ओळखायचा. लग्नात धवले गाऊन, एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावणारी ती. भटजी उशिरा आला तरी चालेल, धवलारीण वेळेवर हवी, असं लोक म्हणत.

तिचा एक नेम होता. पाटावर नवरा-नवरी असल्याशिवाय धवला म्हणायचा नाही. लहानपणी आम्ही हट्ट धरला की म्हणायची, "देवांना आवतान द्यायचं नि पाटावर कोन नाय? तुला कुनी असं जेवायला बोलावलं तर कसं वाटंल रं?" भाकरी थापताना चुकून ओळ ओठांवर आली तरी जीभ चावायची.

ती भातगिरणी बरीच वर्षं बंद होती. दगडी भिंती आणि उंच धुराडं तसंच ठेवून आता तिचं कलाघर झालं आहे. नाटकं होतात, चित्रं लागतात, कॉफीही मिळते. उद्घाटनाला काकूला बोलावणं आलं आणि ती हरखली, हे मान्यच करायला हवं. नवं लुगडं घेतलं. "नवरा-नवरी हायत ना?" एवढंच तिने विचारलं. आयोजकबाईंनी कॉलेजातली दोन पोरं मुंडावळ्या बांधून पाटावर बसवली. काकूने त्यांच्याकडे पाहिलं, मग भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि ती गायली. आम्ही घरचे पहिल्या रांगेत ताठ मानेने बसलो होतो.

टाळ्या संपल्या. पोरांनी मुंडावळ्या सोडून टेबलावर टाकल्या आणि ती आपापल्या घरी निघाली. काकूचा चेहरा पडला. रिक्षात म्हणाली, "देवांना बोलावलं नि रिकामं धाडलं रं. टाळ्यांपायी." आम्ही हसून तिची समजूत घातली. ते हसणं आठवलं की आजही मान खाली जाते. त्यानंतर तिने एकाही लग्नाचं बोलावणं घेतलं नाही.

माझ्या मुलीच्या हळदीलाही ती कोपऱ्यात गप्प बसून होती. मी शहाणपणा केला. कलाघरातलं तिचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. स्वतःचा आवाज ऐकताच काकूने पदर तोंडावर ओढला. लाजेने मला बंद करायचं बटण सापडेना. शेवटी मुलीनेच ते बंद केलं आणि काकूसमोर जाऊन बसली.

"आजी, मी तर खरी नवरी हाय ना गं? म्हन की."

काकूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू खरी हायस, बाय. खोटी मी पडले."

आमच्या घरात पहिल्यांदाच हळद धवल्याविना लागली.