घसरगुंडीचा जबाब

माझी शेवटची पोस्टिंग ख्राइस्टचर्चला. हुद्दा आजोबा. हाताखाली एकच जवान, नात इरा, वय सात. ती हुकूम मराठीत ऐकते आणि नकार इंग्रजीत देते. त्याआधी पायदळात सव्वीस वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी स्मिता इथल्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या ड्युट्यांचा नेम नाही, म्हणून वर्षातले सहा महिने मी इथं असतो.

मला रिकामं बसवत नाही. इराच्या वर्गात मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते अकरा, मुलांचं वाचन ऐकायची ड्युटी मी मागून घेतली. त्यासाठी माझी पोलीस तपासणी झाली. सीमेवर बंदूक धरलेल्या माणसाला मांजराची गोष्ट ऐकायला दाखला लागतो म्हणून मी तेव्हा हसलो होतो. पुढचं पाहता दोन दाखले मागायला हवे होते.

वर्गाच्या बाई मिस केट. वय चोवीस-पंचवीस, शिकवायचं पहिलंच वर्ष, करार डिसेंबरपर्यंतचा. तो पुढं वाढावा म्हणून ती सकाळी साडेसातला हजर असायची. मला ती ‘मिस्टर जाधव, आमचे बर्फाचे एक्स्पर्ट’ म्हणायची. दोष माझाच. वाचन संपलं की मी मुलांना हिमनदीवरच्या ठाण्याच्या गोष्टी सांगायचो. वर मी तीन महिने होतो. मुलांना सहा सांगितले होते.

बुधवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की दक्षिणेकडून थंड वारं येतंय, शहरातही बर्फ पडेल. इथं डोंगरावर पडतो, शहरात क्वचित. इराच्या वर्गातल्या बहुतेकांनी शाळेत बर्फ पाहिलेला नव्हता.

“विल दे लेट अस आउट, आजोबा?”

“बघू.”

“यू टेल देम. यू आर द एक्स्पर्ट.”

मी मिशीवरून हात फिरवला. इथंच अर्धा गुन्हा झाला.

गुरुवारी दहा वाजून दहा मिनिटांनी बर्फ सुरू झाला. साडेदहाला मैदान पांढरं. वर्गात बावीस मुलं, बावीस नाकं काचेला. शाळेचा नियम असा की पाऊस किंवा बर्फ असेल तर मुलं आत. मुख्याध्यापिका मिसेस डंकन बाहेर मीटिंगला गेलेल्या. मिस केटनं एकदा मुलांकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं, मग माझ्याकडं.

“सुट्टीपर्यंत वितळून जाईल,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटं नेऊ का? सेफ आहे?”

“मॅडम, पंधरा मिनिटांत काही होत नाही,” मी म्हणालो. “फक्त शिस्त पाहिजे.”

शिस्त मी दिली. फॉल-इन करवलं. निम्मी पलटण हाफ पँटमध्ये, ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या थंडीत. इथल्या पोरांना थंडी वाजत नाही, आयांना वाजते. प्रत्येकाला एक जोडीदार नेमला. “जोडीदाराची बोटं मोजा. आत येताना परत मोजायची.” मुलांनी मोजली. एकाची अकरा भरली, पुन्हा मोजायला लावली. दहा पस्तीसला बाहेर.

सात मिनिटं सगळं ठीक होतं. एवढा आनंद मी कुठल्याही परेड ग्राउंडवर पाहिलेला नाही. मिस केट स्वतः जीभ बाहेर काढून बर्फ झेलत होती. तिथंच थांबलो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

मैदानाच्या कडेला उतार आहे, वीसेक पावलांचा. खाली लाकडी कुंपण. वर्गात प्रत्येक मुलाचा वह्या ठेवायचा प्लास्टिकचा ट्रे असतो. मी उतार पाहिला, मला ट्रे आठवला.

“चार जण आत जा. ट्रे रिकामे करून आणा.”

मिस केट धावत आली. “ट्रे नको, मिस्टर जाधव. प्लीज. कुंपण जवळ आहे.”

“मॅडम, आय हॅव डन धिस अ हंड्रेड टाइम्स.”

एकदाच केलं होतं. ते कसं संपलं, ते तिला सांगितलं नाही.

आठ मुलं सुखरूप घसरली. नववा लिओ. मी त्याला जरा जोरात ढकललं, कारण तो म्हणाला, “फास्टर, प्लीज.” ट्रे वाकडा झाला. लिओनं कुंपणाला हात लावून स्वतःला थांबवलं. वेळ दहा सत्तेचाळीस. पोरगं रडलं नाही. तोंड बर्फासारखं झालं होतं, तरी म्हणालं, “आय ॲम ऑल गुड.” डावं मनगट मोडलं होतं.

एक वाजता ऑफिसात मिसेस डंकननी आम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं आणि कागद दिला. काय घडलं ते लिहा. मिस केट शेजारच्या खोलीत. काचेतून तिची पाठ दिसत होती.

आता सिव्हिलियन वाचकांना एक गोष्ट सांगतो. फौजेत जबाब लिहायची एक कला आहे. त्यात खोटं एक अक्षर नसतं. वेळा अचूक असतात. आणि तरी लिहिणारा कुठंच सापडत नाही. या कलेत मी पलटणीत पहिला होतो. मी लिहिलं:

‘१०३५ वाजता वर्गशिक्षिकेच्या आदेशानुसार वर्ग बाहेर नेण्यात आला. मला मदतीस घेण्यात आले. काही मुलांनी ट्रे वापरून घसरण्यास सुरुवात केली. १०४७ वाजता एका मुलास दुखापत झाली. सदर वेळी वर्ग शिक्षिकेच्या देखरेखीखाली होता.’

इंग्रजीत लिहिलं, पण चाल हीच. खाली सही, हुद्द्यासकट. मिसेस डंकननी वाचलं. “व्हेरी क्लिअर, मिस्टर जाधव. थँक यू. तुमचं अक्षर किती सुंदर आहे.”

हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

ते वाक्य लान्सनायक बजरंग मानेचं. माण तालुक्यातला, माझ्याहून चार वर्षांनी लहान, बोलायला कमी. मी तेव्हा हवालदार. हिमनदीच्या खालच्या कॅम्पवर आमची तुकडी वर चढण्याआधी हवेची सवय करत होती. नवी पोरं मैदानी मुलखातली, बर्फ पहिल्यांदा पाहिलेली. काम संपल्यावर विनाकारण बाहेर फिरायचं नाही, असा हुकूम होता. मला पोरांची कीव आली. रेशनच्या पेटीचं झाकण काढलं आणि घसरगुंडी सुरू केली.

बजरंग म्हणाला, “हवालदारसाहेब, नको. खाली दगड आहेत.”

मी म्हणालो, “तू नुसता उभा राहा आणि बघ.”

तो उभा राहिला आणि बघत होता. शिपाई तानाजी दगडावर गेला, घोटा मोडला. कंपनी कमांडरनी जबाब मागितला. मी लिहिलं, ‘१११० वाजता जवान लान्सनायक माने यांच्या देखरेखीखाली होते.’ उभा तोच होता. खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांनी बजरंगला विचारलं. तो म्हणाला, “जी साहेब, मी होतो तिथं.” एवढंच.

त्याला लाल शाईची नोंद, म्हणजे शिक्षेची, मिळाली. माझा जबाब त्यानं ऑफिसात पाहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “हवालदारसाहेब, अक्षर चांगलंय तुमचं.” पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. आपला चहा पाणी घालून पातळ केला आणि अर्धा मग मला दिला.

शाळेच्या गोष्टीकडं येतो. शुक्रवारी मी गप्प राहिलो. जेवताना इरा पोळी कुस्करत होती.

“मिस केट वॉज नॉट देअर टुडे. वी हॅड अ रिलीव्हर.” मग आईकडं वळून, “मम, आजोबा टोल्ड अस टु गेट द ट्रेज. मिस केट सेड नो. अँड ही डॉब्ड हर इन.”

रिलीव्हर म्हणजे बदली बाई. डॉब इन म्हणजे चुगली करून अडकवणं. हा शब्द मला इराकडूनच कळला.

“काहीतरी काय बोलतेस,” मी म्हणालो. मनात म्हणालो, घरचीच फितूर झाली.

स्मितानं घास खाली ठेवला. “बाबा, ही काय म्हणतेय?”

“जबाब दिलाय मी. लेखी. त्यात काही खोटं नाही.”

“मी खोट्याचं विचारलं नाही. ट्रे कुणी आणायला लावले?”

सव्वीस वर्षांत मोठमोठ्या साहेबांनी मला प्रश्न विचारले. असा सरळ कुणी विचारला नव्हता.

“मी.”

“मग ते लिहिलंत?”

इरा उठून ताट सिंकमध्ये ठेवून गेली. रोज ती माझं ताटही उचलते. त्या दिवशी नाही उचललं.

शनिवार-रविवार मी दुसरा जबाब लिहिला. सात वेळा. प्रत्येक वेळी ‘ट्रे आणण्यात आले’ असंच उमटायचं, कुणी आणले ते यायचंच नाही. शेवटी स्मितानं कागद ओढून घेतला. “बाबा, ‘मी’ने सुरुवात करा.” तिच्या आजोबांनी मला निबंध असाच शिकवला असता तर बरं झालं असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती हसली नाही.

सोमवारी आठ वीसला मी ऑफिसात उभा. कागदावर होतं: ‘मी म्हणालो की सुरक्षित आहे. ट्रे मी आणायला लावले. मिस केट नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. लिओला मी ढकललं.’

मिसेस डंकननी दोनदा वाचलं. “केटनं ट्रेबद्दल तुमचं नाव घेतलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं तर म्हणाली, टीचर मी होते, निर्णय माझा होता.”

मी उभाच. त्यांनी बसा म्हटलं नाही. हे बोर्डापुढं ठेवू, तोवर तुम्ही वर्गात येऊ नका, असं सांगितलं. लिओच्या आईनं मात्र माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, तो प्लास्टरवर सगळ्यांच्या सह्या घेत फिरतोय. लिओनं हात पुढं करून माझीही सही मागितली. मी केली. हुद्दा लिहिला नाही.

गेटपाशी मिस केट भेटली. मी टोपी काढली.

“तुमच्या गोष्टींमुळं मी मुलांना बाहेर नेलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, या माणसानं खरंच माणसं सांभाळलीत.”

“मी आता खरं लिहून दिलंय, मॅडम.”

“गुरुवारपासून सोमवारपर्यंत, मिस्टर जाधव.” तिनं बोटं मोजून दाखवली, मी मुलांना शिकवली तशी. “चार दिवस मी तुमची वाट बघितली.”

ती वर्गात गेली. त्यानंतर रस्त्यात दिसली तर ‘कियोरा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची, नाव घ्यायची नाही. डिसेंबरमध्ये तिचा करार वाढला नाही. पटसंख्या कमी झाली म्हणून, असं कानावर आलं. मी त्यावर विश्वास ठेवतो. सोयीच्या गोष्टींवर मी पटकन विश्वास ठेवतो, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल.

इरानं मला तीन आठवड्यांनी माफ केलं. अट घातली की वर किती महिने होतो ते खरं सांगायचं. सांगितलं. “ओन्ली थ्री?” एवढंच म्हणाली.

आणि एक जबाब राहिलाय. तो मागणारा कुणी उरला नाही. कंपनी कमांडर वारले. कागद कुठल्या पेटीत असेल, देव जाणे. म्हणून इथं देतो.

घसरगुंडी मी सुरू केली. झाकण मी काढलं. लान्सनायक बजरंग माने नको म्हणाला. त्याला तिथं उभं मी केलं. नाईकच्या प्रमोशन कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, त्याचं नाव गेलं होतं. तो त्या हिवाळ्यात खाली सेंटरला गेला असता. लाल शाईच्या नोंदीमुळं नाव कटलं. तो वर गेला. मी खालच्या कॅम्पवर रेडिओवर होतो. एके दिवशी सकाळी सहाला त्याच्या ठाण्याकडं, डेल्टाकडं, सिटरेप म्हणजे खबर मागितली.

“डेल्टा, सिटरेप.”

“डेल्टा ओके. चहा चालू आहे.” आवाज बजरंगचा.

साडेसहाला पुन्हा. “डेल्टा, सिटरेप.”

उत्तर आलं नाही. मी आठपर्यंत विचारत होतो. वरचा उतार पूर्ण खाली आला होता. ठाण्यावर चौघं होते. चौघंही गेले.

तानाजी घोट्यामुळं इस्पितळात होता, म्हणून वाचला. दर दिवाळीला फोन करतो. म्हणतो, “साहेब, तुमच्या घसरगुंडीनं मला वाचवलं.” मी दरवर्षी “अरे, असू दे” म्हणतो. यंदा त्याला सांगितलं, की ज्यानं खाली दगड आहेत म्हणून सावध केलं होतं, त्या मानेला माझ्याच जबाबानं वर पाठवलं. मग तानाजी म्हणाला, “मानेसाहेबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, त्या जबाबावरून हवालदारसाहेबांना कधी बोलू नको, मन मोडंल त्यांचं.”

लान्सनायक बजरंग माने. घसरगुंडीच्या वेळी १११० वाजता त्याच्या हातात झाकण नव्हतं. त्याच्या हातात माझा चहाचा मग होता.