दारातून दिलेली भाकरी

सातवीला पचनसंस्था शिकवायची म्हटलं की मला चेव यायचा. विट्याजवळच्या एका गावात, हायस्कूलवर, मी विज्ञानाची बाई होते. भिंतीवर तक्ता लावून, हातात पट्टी घेऊन तोंडातला घास मी पार मोठ्या आतड्यापर्यंत पोचवायची. लहान आतडं वीस फूट लांब असतं म्हटलं की पोरं वर्गाची लांबी डोळ्यांनी मोजायची. मग मी पिशवीतून जाडसर टॉवेल काढायची. “ह्याला बारीक दोरे आहेत की नाही? म्हणून हा पाणी पितो. आतड्याला आतून असेच लाखो बारीक उंचवटे असतात. अन्नाचा रस शोषून रक्तात देतात ते. ते नसले तर परातभर जेवा, अंगाला काही लागणार नाही.”

पोरं हसायची, मीही हसायची. आणि घरी माझी चार वर्षांची लेक वाटी वाटी जेवत होती, तरी तिच्या अंगाला काही लागत नव्हतं. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं. दिवसातून चार-पाच वेळा जुलाब.

नवरा दूर तमिळ मुलखात सोनं गाळायच्या दुकानात. आमच्याकडचे निम्मे पुरुष तसेच, दिवाळीला आणि जत्रेला घरी यायचे. घरात मी, लेक आणि थोरल्या जाऊबाई. त्यांचेही मालक त्याच दुकानात. मी त्यांना अक्का म्हणायची, लेक थोरली आई म्हणायची. मी शाळेत गेले की लेक त्यांच्या कडेवर.

मी सांगलीची. आमच्याकडं रोज चपाती. इथं गहू निघायचा तो सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. रोजची शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी. तेव्हा अशक्त लेकराला काय द्यायचं हे मला कुणी सांगायला नको होतं. दुधात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, शेवया, बिस्किटं. आठवड्यातून एकदा खपली गव्हाची खीर, कारण खपली पचायला हलकी असं सगळेच म्हणायचे. भाकरी मात्र बंद. “जड असते हो अक्का, ह्या आतड्याला नाही झेपणार,” मी तक्त्यावर दाखवावं तसं सांगितलं होतं. अक्का फक्त ऐकून घ्यायच्या. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या.

एका उन्हाळी सुट्टीत बी.एड.च्या वर्गासाठी मी दीड महिना साताऱ्याला राहिले. लेक अक्कांपाशी. निघताना टॉनिकच्या दोन बाटल्या दिल्या आणि काय खायला द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. परत आले तर पोरगी एस.टी.च्या थांब्यापर्यंत पळत आली! गालावर मांस आलेलं, पोट उतरलेलं. मी तिला उचलून गरगर फिरवलं. टॉनिक लागू पडलं म्हणून गावभर सांगितलं. अक्का म्हणाल्या, “लय चांगली जेवली गं.” काय जेवली, हे मी विचारलं नाही. माझ्या कागदाबाहेरचं ती काही जेवली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शाळा सुरू झाली, चपाती-खीर सुरू झाली, आणि महिनाभरात पोर परत सुकली. मी हैराण. एक दिवस मधल्या सुट्टीत अचानक घरी आले, तर लेक चुलीपाशी बसलेली आणि अक्का तिला दुधात भिजवलेली भाकरी भरवत होत्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे हे असं चाललंय तर! म्हणून पोरीचे जुलाब थांबत नाहीत! तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. अडाणी म्हणाले. तुम्हाला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाचं काही वाटत नाही, असंही म्हणाले. हो, म्हणाले. शेवटी म्हणाले, “पुन्हा ह्या हातानं माझ्या पोरीला घास भरवलात तर याद राखा.”

अक्कांनी हाताकडं पाहिलं. बोटांना दूध लागलेलं होतं, ते पदराला पुसलं. “बरं,” म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी चूल वेगळी केली. त्यांची खोली अंगणाच्या पलीकडं, माझी अलीकडं. लेकीला मी शाळेत नेऊन मागच्या बाकावर बसवायची. डबा चपातीचा. ऐन दिवाळीत ती इतकी खंगली की तिला उभं राहवेना. नवरा आला होता, त्यानं तिला पाहिलं आणि तो बाहेर जाऊन रडला. आम्ही मिरज गाठली.

तिथले डॉक्टर शांत गृहस्थ होते. तोंडातून नळी घालून त्यांनी आतड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. आठवड्यानं परत बोलावलं. कागदावर त्यांनी आतड्याचे उंचवटे काढले, आणि शेजारी दुसरं चित्र काढलं, नुसती सपाट रेघ. “तुमच्या मुलीचं असं झालंय. गव्हात एक पदार्थ असतो, तो हिच्या शरीराला चालत नाही. गहू पोटात गेला की हे झिजतात. मग काहीही खाल्लं तरी शोषून घ्यायला जागाच नाही.” माझ्या डोळ्यांपुढं माझाच टॉवेल आला. मग त्यांनी विचारलं, “मधे कधी बरी होती का?”

नवऱ्याला काही माहीत नव्हतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, “मे महिन्यात होती.”

“तेव्हा काय खात होती?”

चुलीपाशी पाहिलेला दुधातला घास मला आठवला. “भाकरी,” मी म्हणाले. त्या क्षणी मला कळलं. दीड महिना अक्कांनी माझा कागद बाजूला ठेवून पोरीला काय हवं ते बघितलं होतं. चपाती खाल्ली की पोट धरते, भाकरी खाल्ली की खेळते, एवढंच बघितलं होतं. मी बघितलं नव्हतं, मी शिकवत होते.

गहू कायमचा बंद. डॉक्टरांनी बजावलं, गव्हाच्या पिठाचा कणसुद्धा नको. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारीही नको. घरी आल्यावर अंगणात उभी राहून मी अक्कांना म्हणाले, “डॉक्टरांनी भाकरी सांगितलीय.” जणू ती डॉक्टरांचीच अक्कल! चुकलं म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण दारात शेजारणी जमल्या होत्या आणि मी बाई होते, हायस्कूलवरची. गिरणीची अडचण तेवढी सांगितली.

“व्हय? मग बरं झालं की,” अक्का म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी अडगळीतलं जातं ओढून काढलं, धुतलं, आणि पाटा-वरवंटा टाकवणाऱ्या बाईकडून छिन्नीनं त्याला टाकी घालून घेतली. दिवसाआड सकाळी घरघर ऐकू यायची. माझी भाकरी तव्यावर फाटायची, म्हणून भाकरीही त्याच करायच्या. गरम भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या दाराशी यायच्या. “घे गं,” म्हणायच्या, माझ्या हातात द्यायच्या आणि वळायच्या. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मी “या की आत” म्हणायची, त्या “चुलीवर भाजी हाय” म्हणायच्या. पोर भरली, वाढली, शाळेत पळायला लागली. पाच वर्षं हे चाललं.

मग एका भोगीची गोष्ट. भोगीला आमच्याकडं घरोघर तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. माझ्या लेकीला सगळ्यांच्या पंगतीत सगळ्यांसारखं जेवता यायचं, असा तो एकच सण. अक्कांच्या माहेरची चार लेकरं आली होती, पंगत अंगणातच मांडली होती. अक्का लोणी लावून एकेकाला घास भरवत होत्या, नको म्हणणाऱ्याला गुदगुल्या करून भरवत होत्या. लेक नऊ वर्षांची झालेली, तरी ओळीत बसून तिनंही तोंड उघडलं. अक्कांचा हात तिच्यापर्यंत आला, थांबला, आणि घास तिच्या ताटात ठेवून पुढं गेला.

“थोरले आई, मला कधीच का गं भरवत नाहीस?” लेकीनं विचारलं. डोळे भरले होते तिचे. “मी आवडत नाही का तुला?”

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर भाजीचं पातेलं घेऊन उभी होते. क्षणभरच पाहिलं त्यांनी. मग हसून तिच्यापुढं तळवे पसरले. जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे होते त्यांवर.

“अगं येडे, माझं हात बघ कसलं खरबरीत हायत. टोचंल तुझ्या तोंडाला.”

लेकीनं तळव्यांवरून बोट फिरवलं आणि तिला ते पटलं. मान खाली घालून ती जेवायला लागली. मी पातेलं घेऊन पुढं झाले आणि तिला विचारलं, भाजी वाढू का अजून.