बाबांचा एकुलता एक ईमेल

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आईबाबांना डोंबिवलीहून घेऊन निघाले तेव्हा सगळं नीट ठरलेलं होतं. आदल्या दिवसापासून ती डोळ्यांत थेंब घालत होती. दवाखाना घोडबंदर रोडला, म्हणजे ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत धडधाकट माणूसही अर्धा आजारी पडतो. कसेबसे पोचलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, डॉक्टर बाहेरगावी आहेत. तारीख पुढच्या आठवड्यात गेली. मेल केलेला ना तुम्हाला."

"मला कुठलाही मेल आलेला नाही," बाबा ठामपणे म्हणाले.

आलेला होता. तिथेच बाकावर बसून मी त्यांच्या फोनमध्ये शोधला. गाद्यांचा सेल, क्रूझची सहल, 'तुमचं कर्ज मंजूर झालं आहे', आणि कुत्र्यांचं खाणं, या सगळ्याखाली तो दबला होता.

"कुत्र्यांचं खाणं? बाबा, आपल्याकडे कुत्रा कुठेय?"

"शेजाऱ्यांच्या कुत्र्याला खरूज झालेली. नेटवर औषध वाचायला गेलो, तर आधी ईमेल टाका म्हणाले. टाकला."

"आणि मेल आल्यावर फोन वाजत नाही का?"

"तो आवाज मी बंद केलाय. दिवसभर टिंग टिंग, डोकं उठायचं."

आई डोळे मिटून बसली होती. "मला आधी घरी न्या," एवढंच म्हणाली. पुन्हा तोच ट्रॅफिक पार करत डोंबिवलीला परतलो.

त्या रविवारी मी पुन्हा डोंबिवली गाठली आणि जाहिरातींचा एकेक मेल बंद करायला बसले. 'तुम्ही चाललात याचं वाईट वाटतं' असं म्हणून ते जाहिरातवाले कारण विचारत होते. एकाने तर मेल बंद करण्यासाठी पुन्हा ईमेल पत्ताच मागितला. दुपारपर्यंत माझी मान आखडली आणि तेवढ्यात दोन नवीन येऊन पडले. शेवटी तो पत्ता कचऱ्यासाठी सोडून दिला आणि नवीन काढला. बँक, दवाखाना आणि नातेवाईक सोडून हा कुणालाही द्यायचा नाही, असं बाबांना बजावलं.

"पण कुणी विचारलं तर?"

"जुना सांगायचा."

"म्हणजे जो मी बघतच नाही तो? ही फसवणूक झाली."

"बाबा, ते तुमचे पाहुणे नाहीत. सोफ्यावर बसवून चहा द्यायची गरज नाही."

त्यांना पटलं नाही. आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात व्यवस्थित पार पडलं आणि महिन्याभराने तिच्या चष्म्यासाठी आम्ही दुकानात गेलो. चष्मा तयार झाल्याचा मेल दिसायला हवा, म्हणून तिथे मी बाबांचा नवा पत्ताच दिला, पण @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि 'chashma' असा शब्द जोडून. असा जोड दिला तरी मेल आपल्याकडेच येतो, आणि पत्ता कुणी पुढे दिला ते मात्र कळतं. आठवडाभरात त्या जोडपत्त्यावर एका गृहप्रकल्पाची जाहिरात आली. कोलशेतला खाडीचा देखावा असलेले फ्लॅट! मी राहते कोलशेतलाच. माझ्या खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते.

मी तणतणत दुकानात गेले. "हा पत्ता मी फक्त तुम्हाला दिलेला. बिल्डरकडे कसा गेला?"

काउंटरवरची मुलगी गोंधळली. "मॅडम, मला नाही माहिती. सिस्टिम मेलशिवाय पुढेच जात नाही. तुम्ही हेड ऑफिसला मेल करा ना."

हेड ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, धन्यवाद, आपला अभिप्राय मोलाचा आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याही ऑफर सुरू झाल्या.

मी हे सगळं चिडून बाबांना वाचून दाखवलं. ते कधी नव्हे इतके गंभीर झाले. "दुकानात दिलेलं बाहेर जातं?" त्यांनी विचारलं. इतके दिवस मी घसा कोरडा करून जे सांगत होते, ते बहुतेक तेव्हा कुठे त्यांच्या आत उतरलं.

आता ते भलत्याच टोकाला गेलेत. परवा कल्याणच्या एका दुकानात शर्ट निवडला. ईमेलशिवाय बिल निघत नाही, असं काउंटरवाला म्हणाला. "मग शर्ट नको," म्हणत बाबा सरळ बाहेर पडले. मागोमाग आई.

मला फोन आला तो आईचाच. "निळा शर्ट गं, इतका छान दिसत होता त्यांना. काय भरवलंयस तू त्यांच्या डोक्यात?"