नऊ नंबरचा वेग

माझ्या नवऱ्याचा मला हेवा वाटतो. चांगला जळजळीत. आणि तोही टीव्हीतल्या अंतराळयानापायी.

एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेल्या माझ्या बाबांना त्या यानांचं भारी वेड. अमरावतीच्या घरी रविवारी दुपारी आम्ही दोघं त्या इंग्रजी मालिका बघायचो आणि कडाकडा भांडायचो. यानाच्या वेगाला बाबा गेअर म्हणत. जुन्या मालिकेत हिशेब सोपा होता, नंबराचा घन करायचा. दोन म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या आठपट, तीन म्हणजे सत्तावीसपट. नव्या मालिकेत लिहिणाऱ्यांनी मोजपट्टीच बदलली. दहा म्हणजे अनंत वेग, तिथं कोणी पोचतच नाही. सगळी धडपड नऊच्या पुढच्या दशांशांत. हे आम्ही भांडभांडून शोधलं. "अवं पोरी, डोक्सं हाय का खोकं?" असं बाबा ओरडले की मला फार बरं वाटायचं.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. माहेरच्या पहिल्याच खेपेला माझ्या जागेवर नवरा बसला आणि मी भजी तळायला आत.

"नऊ म्हणजे सातशे एकोणतीसपट ना?" त्याने विचारलेलं मला आतून ऐकू आलं. नवी मालिका चालू, आणि हा घन करत बसलेला! नव्या पट्टीत नऊ म्हणजे दीड हजारपट. जवळचा तारा एका दिवसात यायचा, तर ह्याच्या हिशेबाने दोन दिवस. मी झारा घेऊन बाहेर धावले, तर बाबा मान डोलवत होते. "अगदी बरोबर, जावईबापू."

मी त्यांना आत ओढलं. "खोटं काहून बोलले तुमी?"

"जावई हाय तो. जावयाले तोंडावर चुकला म्हनते का कोनी?"

ऐकून जीव थंड झाला. मनातल्या मनात नवऱ्याला म्हटलं, मान तू घे, भांडण माझं आहे. त्यावर मी दोन वर्षं काढली.

गेल्या महिन्यात नवरा कामासाठी सकाळीच अमरावतीला गेला, मी दुपारच्या बसने. दारातच बाबांचा आवाज ऐकू आला.

"अबे, दहाच्या वर जाता येते का? किती खेपा सांगू तुले! मेंदू गहान टाकला का तुवा?"

अबे! तुले! आणि नवरा बिनदिक्कत उलट बोलत होता, हसत होता. आई कौतुकानं म्हणाली, "पाय, पोरगाच झाला घरचा." माझ्या अंगाची आग आग झाली.

मला पाहताच बाबा लगबगीनं उठले, खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. मला राहवलं नाही. बसता बसता मुद्दाम म्हटलं, "बाबा, पाच नंबर म्हणजे प्रकाशाच्या पाचपट ना?"

एवढी ढोबळ चूक मी दहा वर्षांची असतानाही केली नव्हती. बाबांनी पंखा आणखी वाढवला.

"हो बेटा, असन," ते मऊ आवाजात म्हणाले. "थकली असशीन. च्या घेतं का?"